मातोश्रींचें छायाचित्र

गेल्या वर्षीं आमच्या मातोश्री प्रभूमध्यें निजल्या. स्मरणोपासनेसाठीं त्यांचें मोठें छायाचित्र लावावें, असें आम्हां भावंडांस वाटलें. भाचीच्या बाप्तिस्म्याच्या दिवशीं आम्हींच कॅमेऱ्यानें काढून घरच्या मंडळींस पाठविलेलें एक चित्र मोबाइलमध्यें होतें. तें घेऊन आम्ही इंद्रलोकांतील एका छपाईवाल्याकडे गेलों. (नांव स्वर्गाचें असलें तरी हा भाईंदर पूर्वेचा गजबजलेला भाग आहे, हें परगांवच्या वाचकांस सांगितलें पाहिजे.) त्यानें चित्र पडद्यावर मोठें करितांच मातोश्रींच्या गालावर चौकटी उमटल्या. "सर, हें फुटतंय," तो म्हणाला.

ह्या चौकटी आल्या कोठून? १९९२ सालीं मान्य झालेल्या जेपेग पद्धतींत चित्राचे ८ × ८ बिंदूंचे तुकडे करितात. उजेडांतील फरक डोळ्यांस चटकन कळतो, रंगांतील व अतिसूक्ष्म बारकाव्यांतील तितका कळत नाहीं; म्हणून तेवढा भाग गाळून फाइल लहान करितात. बेतानें गाळलें तर कोणास उमगतही नाहीं. परंतु निरोपांचें ॲप नेहमींच्या रीतीनें चित्र पाठवितांना त्याचे बिंदू कमी करून आणखी गाळतें. आमच्या हातीं उरले ९६० × १२८० बिंदू. चांगल्या छपाईस इंचाला ३०० बिंदू लागतात. म्हणजे रुंदी सुमारें सव्वातीन इंच व उंची सव्वाचार, एवढीच त्याची ऐपत. आम्हांस हवें होतें १२ × १६ इंचांचें.

पीएनजींत रूपांतर करूनही पाहिलें. ती पद्धत कांहीं गाळीत नाहीं, हें खरें. पण आधींच गळलेलें ती आणणार कोठून? भाईंदरच्या मिठागरांत पाणी उडून मीठ उरतें. त्या मिठांतून पुन्हा खाडी होत नाहीं.

कॅमेऱ्याचें कार्ड सहलीच्या वेळीं आम्हींच पुसलें होतें. "मोबाइलवर आहे कीं!" असें म्हणून. १४ बिटांची रॉ फाइल ठेविली असती तर उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या हातीं असत्या. जेपेगमध्यें प्रत्येक रंगास २५६ च. पण रॉचें राहो, मूळ जेपेग 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविलें असतें तरी पुरतें; तसें पाठविलेल्यास ॲप हात लावीत नाहीं. ह्या वार्षिकासाठीं चित्रें देणाऱ्या विद्यार्थ्यांनीं तसेंच करावें. नुसत्या नकलेनें चित्र झिजत नाहीं. जेपेग उघडून, फेरफार करून पुनःपुन्हा जतन केल्यानें झिजतें. येथें शिक्षकांचाही घोटाळा होतो.

अखेर तोड काढली छपाईवाल्यानेंच. चित्र सव्वाचार इंचांचेंच छापून, भोंवतीं पांढरा कागद सोडून, त्यानें तें मोठ्या चौकटींत बसविलें. उपासनेनंतर मातोश्रींच्या मैत्रिणी एकेक करून भिंतीजवळ जात, चष्मा सांवरीत आणि पुष्कळ वेळ तेथेंच उभ्या राहत.