चिरगावच्या झाडांवरची घरटी

श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर ही नावे मुंबईतल्या बहुतेक घरांना पाठ आहेत. शनिवार आला की गाड्या माणगावला महामार्ग सोडतात, मोर्बा मागे टाकून घोणसे घाटातून म्हसळ्याला येतात, स्टँडजवळ चहा घेतात आणि समुद्राकडे धावतात. त्यांच्या लेखी म्हसळा म्हणजे चहाचा थांबा. आम्हा दोघी बहिणींचे ते आजोळ. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सगळ्या सुट्ट्या तिथे गेल्या. तरीही म्हसळ्याच्या जवळच्याच चिरगावात गिधाडे घरटी करतात आणि ती बघायला जाता येते, हे आम्हाला कळले ते वयाची चाळिशी जवळ आल्यावर, तेही घरातल्या आठवीतल्या मुलीकडून.

2019 च्या जानेवारीतली गोष्ट. मामूंच्या धाकट्या मुलाचा निकाह होता. रविवारी वलीमा उरकला आणि सोमवारचा दिवस मोकळा मिळाला. मुले म्हणाली समुद्र, अम्मी म्हणाली आराम, आणि आमची ही आठवीतली म्हणाली, "गिधाडं." शाळेत तिने त्यांच्यावर प्रकल्प केला होता.

मामी हातातले भांडे खाली ठेवून बघतच राहिल्या. "शादीच्या घरातून उठून गिधाडं बघायला जायचं? मनहूस पाखरू ते! पोरींनो, समुद्रावर न्या त्यांना, नारळपाणी पाजा."

मामू काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी फज्रनंतर अंगणात जीप सुरू झाल्याचा आवाज आला. आम्ही बाहेर आलो तर मामू काच पुसत होते. "लवकर चला. ऊन वर आलं की ती उडून जातात," ते म्हणाले. त्यांना हे कसे ठाऊक, असा प्रश्न तेव्हा आमच्या मनात आला नाही.

चिरगाव लहान गाव आहे. गावामागे डोंगराची उतरण आणि तिच्यावर दाट रान. वन विभागाच्या कामावर जाणारे गावातलेच एक काका आमच्याबरोबर आले. मामूंची आणि त्यांची जुनी ओळख निघाली. चालायला लागण्याआधी त्यांनी मुलांना तीन गोष्टी सांगितल्या: ओरडायचे नाही, झाडाखाली जायचे नाही, आणि आपण थांबा म्हटले की थांबायचे. आमचा लाल दुपट्टाही त्यांनी पिशवीत ठेवायला लावला. तो नव्या सुनेने दिला होता, पण ऐकले.

पायवाटेवर आधी दिसली ती घरटी नव्हेत, झाडे. बेहड्याच्या एका उंच झाडाच्या फांद्यांवर कुणी चुन्याची बादली ओतल्यासारखे पांढरे ओघळ होते. काका म्हणाले, "ही त्यांची निशाणी. हे दिसलं की वर बघायचं." वर पाहिले. दोन फांद्यांच्या बेचक्यात काटक्यांचा मोठा ढीग होता आणि ढिगावर एक गिधाड, पंख अर्धवट पसरून, उन्हाकडे पाठ करून उभे होते. बराच वेळ ते हलले नाही. काकांनी दुर्बीण मुलीच्या हातात दिली. तिने पाहिले आणि श्वास रोखून म्हणाली, "खाली पिल्लू आहे!"

मग आम्ही पाळीपाळीने पाहिले. राखाडी लव असलेले, मान सावरता न येणारे एक पिल्लू आईच्या पंखाच्या सावलीत बसले होते. आई म्हणालो खरे, पण तो बापही असू शकेल. या पक्ष्यांत नर-मादी वरवर पाहून ओळखू येत नाहीत. अंडे दोघे उबवतात, भरवतातही दोघे. पावसाळा सरला की जोडी घरट्याला लागते, मादी एकच अंडे घालते, ते दीड-पावणेदोन महिने उबवावे लागते आणि त्यानंतर पिल्लू उडायला आणखी तीनेक महिने जातात. म्हणजे वर्षभराच्या धडपडीतून एक पिल्लू, तेही जगले तर. ते मोठे होऊन स्वतः घरटे करणार आणखी चार-पाच वर्षांनी. कोंबडी-कबुतरांचे हिशेब डोक्यात असणाऱ्या आम्हाला हा हिशेब फार मंद वाटला. पुढे सगळे समजले तेव्हा कळले की खरी अडचण इथेच आहे.

हे पांढऱ्या पाठीचे गिधाड. बसलेले असताना ते काळपट, पोक काढलेले, उघड्या मानेचे दिसते. देखणे म्हणता येणार नाही, मामींचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. पण नऊ वाजून गेले, ऊन तापले, आणि समोरच्या झाडावरून एकाने स्वतःला हवेत सोडून दिले. पंखांचा आवाज आला, ओली चादर झटकल्यासारखा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात फूट भरतील असे ते पंख, खालून पुढची कडा पांढरी आणि मागची काळी. दोन-तीन वेळा पंख मारले असतील, नंतर एकदाही नाही. तापलेल्या हवेवर स्वार होऊन ते गोल गोल वर गेले. त्याच्यामागून दुसरे, मग तिसरे. आमचा धाकटा तोंड उघडे टाकून बघत होता. समुद्राची आठवण कुणालाच राहिली नव्हती.

परतताना तो अम्मीला म्हणाला, "दादी, कावळ्यानं माणसाला दफन करायला शिकवलं ना? मग गिधाडानं काय शिकवलं?" काबील आणि हाबीलचा किस्सा तो मदरशात नुकताच ऐकून आला होता. अम्मी चालता चालता म्हणाली, "शिकवलं काही नाही. काम करतं. माणसाला माती द्यायला माणसं असतात. मेलेल्या ढोराकडे कोण बघणार?"

हे ऐकून मामू थांबले. वाटेच्या कडेला दगडावर बसले आणि म्हणाले, "तुम्हा दोघींना आपली चांदी आठवते का?"

आठवत होती. चांदी म्हणजे नानांची म्हैस, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. 1998 चा मे महिना असेल. ती पुढच्या पायाने लंगडू लागली, मग बसली ती उठेना. नाना रात्रभर तिच्याजवळ बसले. सकाळी सुई टोचणारा एक माणूस आला, त्याने सुई टोचली. आम्ही दोघी गोठ्याच्या दारात उभ्या होतो. संध्याकाळी चांदी उभी राहिली, तेव्हा नानांनी त्या माणसाला पैसे दिले, वर डझनभर आंबे दिले. दुसऱ्या रात्री ती गेली. सकाळी तिला ओढत गावाबाहेरच्या माळावर नेली. आम्ही लपून मागे गेलो होतो. पाहता पाहता आभाळातून गिधाडे उतरू लागली. आम्ही साठपर्यंत मोजली आणि सोडून दिले. दुपारी नाना पुन्हा गेले तेव्हा हाडांशिवाय काही उरले नव्हते. वास नाही, माश्या नाहीत.

"ती सुई डायक्लोची होती," मामू म्हणाले. "नंतर आपल्या गोठ्यात ती बाटली कायम असायची. स्वस्त होती. जनावराला लगेच आराम पडायचा. मीच आणून ठेवायचो."

डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचे औषध. आपल्या घरातही कंबर धरली की त्याची गोळी घेतली जाते. माणसाला आणि म्हशीला चालणारे हे औषध गिधाडाला मात्र चालत नाही. सुई टोचल्यावर जनावर एक-दोन दिवसांत मेले तर औषध त्याच्या मांसात उरते. गिधाडाने ते खाल्ले की त्याचे मूत्रपिंड काम करायचे थांबते, यूरिक आम्ल शरीरात साठते, आतल्या अवयवांवर पांढरी पूड बसते, आणि काही दिवसांत ते मान खाली टाकून मरते. हे शोधले लिंडसे ओक्स या पशुवैद्याने आणि त्यांच्या साथीदारांनी, पाकिस्तानातल्या पंजाबात मेलेली गिधाडे तपासून. 2004 मध्ये ते जाहीर झाले. तोवर सगळे कुठल्यातरी रोगाचा संशय घेत होते. भारतात या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या 1992 ते 2007 या काळात 99.9 टक्क्यांनी घटली. 1992 मध्ये एखाद्या ठिकाणी हजार असतील तर 2007 मध्ये एक. आणि यासाठी सगळ्या मेलेल्या जनावरांत विष असायची गरज नव्हती. शंभरातल्या एकाहून कमी जनावरांत ते असले तरी एवढा नाश होतो, असे अभ्यासकांनी मांडले. एका जनावरावर साठ-साठ गिधाडे उतरतात आणि वर्षाला जोडीमागे एकच पिल्लू होते, तिथे दुसरे काय होणार?

चांदीने त्यातली किती नेली, हे कुणी मोजलेले नाही. मामूंनी तो आकडा विचारलाही नाही. एवढेच म्हणाले, "नानांनी रहम केला होता. मीही तेच समजत होतो."

काका इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "भाई, आमच्या गोठ्यातसुद्धा तीच बाटली होती." मग सांगू लागले. मध्यंतरी मेलेली ढोरे माळावर पडून राहायची, वास गावात यायचा, कुत्री माजली होती. मग महाडच्या सीस्केप संस्थेची माणसे येऊन गावात बसली. गावकऱ्यांना आधी हसू आले. पण हळूहळू लोक ऐकू लागले. औषध न दिलेले जनावर मेले की कळवायचे, ते गिधाडांसाठी ठरलेल्या जागी नेऊन टाकायचे, घरट्यांचे झाड तोडायचे नाही. कुणी त्याला जटायू म्हणून मानतो, कुणी नुसते पाखरू म्हणून. "पण झाडाला कुऱ्हाड लागत नाही," काका म्हणाले.

मामूंना उडायची वेळ कशी ठाऊक होती, ते आता आमच्या लक्षात आले. ते इथे आधीही येऊन गेले होते. एकटेच.

जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर सरकारने 2006 मध्ये बंदी घातली. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या दुकानांत मिळतच होत्या आणि त्या गोठ्यात जात होत्या. म्हणून 2015 मध्ये त्या बाटलीचे माप 3 मिलिलिटरवर आणले. पुढे 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक या दोन औषधांनाही जनावरांसाठी मनाई झाली, कारण तीही गिधाडांना तशीच बाधतात. मेलॉक्सिकॅम नावाचे औषध जनावराला तेवढाच आराम देते आणि गिधाडाला बाधत नाही. ज्यांच्या गावी अजून गोठा आहे त्या वाचकांनी हे नाव लिहून ठेवावे.

आणि जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे. डिसेंबर ते मार्च हे दिवस बरे. रेल्वेने माणगावला उतरून एसटीने म्हसळ्याला येता येते. म्हसळ्याला वन विभागाच्या माणसांना आधी विचारावे आणि गावातला माणूस बरोबर घेतल्याशिवाय रानात शिरू नये. मुक्काम म्हसळ्यात किंवा श्रीवर्धनला करून पहाटे निघावे. दुर्बीण हवीच. फोटोच्या नादात झाडाखाली जाऊ नये, ड्रोन तर घरीच ठेवावा. घाबरलेला पक्षी घरटे सोडून उठला की पिल्लू उन्हात उघडे पडते. डबे, पिशव्या, गाणी, सहलीचा गोंधळ यांच्यासाठी हरिहरेश्वरचा किनारा मोकळा आहे.

आमच्या त्या सफरीनंतर दीड वर्षाने, 3 जून 2020 रोजी, निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळले. कितीतरी दिवस म्हसळ्याला फोन लागत नव्हता. लागला तेव्हा मामूंनी आधी घराचे सांगितले: पत्रे उडाले, सुपारीची बाग आडवी झाली, सगळे सलामत आहेत, अल्हम्दुलिल्लाह. मग थोडे थांबून म्हणाले, "चिरगावकडेही झाडं पडली. जुनी, मोठी." जूनपर्यंत पिल्ले उडून गेलेली असतात, एवढाच दिलासा. पण गिधाडाला घरट्यासाठी लागते तसे उंच झाड दोन-चार पावसाळ्यांत उभे राहत नाही. पुढच्या हिवाळ्यात मामू पुन्हा जाऊन आले. पूर्वीइतकी नाहीत, म्हणाले, पण डोंगरावर घिरट्या घालताना दिसली.

गेल्या थंडीत त्यांच्या गाईचे वासरू लंगडू लागले. मामींनीच फोनवर सांगितले. सुई टोचायला माणूस आला, त्याने बाटली काढली, तर मामू बाटली मागू लागले. तो म्हणाला, काका, चांगलं औषध आहे. मामू म्हणाले, असेल, नाव दाखव. चष्मा सापडेना, म्हणून बाटली मामींच्या हातात दिली. मामींनी ती उजेडात धरून एकेक अक्षर वाचले, मेलॉक्सिकॅम, आणि दोनदा वाचून खात्री झाल्यावर मग सुई टोचू दिली.