पायथ्याची वाट

वळकटी हा शब्द आमच्या घरातून कधी गेला ते लक्षातही आलं नाही. लहानपणी लग्नाला, जत्रेला निघायचं म्हटलं की आधी वळकट्या बांधल्या जायच्या. मग होल्डॉल आले, मग हॉटेलं आली. तो शब्द मला पुन्हा भेटला ऑस्ट्रेलियाच्या ऐन मध्यावर, ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी. आमच्या वाटाड्यानं गाडीतून जाड कॅनव्हासचे गुंडाळे खाली उतरवले आणि सांगितलं, ‘हा स्वॅग. गादी आतच आहे. तंबू नाही, वर आभाळ.’ मी पट्टे सोडले, गुंडाळा लाल वाळूवर उलगडला, आणि हात आपोआप जुन्या सवयीनं उशाची बाजू शोधू लागले.

त्या सकाळी आम्ही अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून निघालो होतो. तिथल्या मूळच्या आरंडा लोकांचं त्या गावाला स्वतःचं नाव आहे, म्पार्न्ट्वे. दक्षिणेला २०० किलोमीटर एर्लडंडापर्यंत, मग पश्चिमेला वळून जवळजवळ अडीचशे. वाळवंट म्हटल्यावर मी मनात उघडी वाळू धरून बसले होते. इथं तर टेकडीटेकडीवर हिरवं-करडं गवत होतं, अंगाला काट्यासारखं टोचणारं स्पिनिफेक्स; मुल्गाची खुरटी झाडं होती; आणि होते डेझर्ट ओक. या झाडाचं बालपण पाहण्यासारखं असतं. वाळूत पीस खोचून ठेवावं तसं ते वर्षानुवर्षं सडपातळ, सरळ उभं राहतं. फांद्यांचा पसारा नाही, सावलीची घाई नाही. सगळा जीव मुळाकडे. मूळ खोल पाण्याला टेकलं की मगच ते फांद्या पसरतं आणि डेरेदार होतं. वर्षाला सरासरी ३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या भूमीत हेच शहाणपण आहे. वाऱ्यानं त्याच्या सुयांमधून जो आवाज येतो तो दूरच्या समुद्रासारखा असतो, आणि समुद्र तिथून शेकडो कोसांवर.

उलुरूच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मुक्कामाला परवानगी नाही, म्हणून आमचा तळ बाहेर होता. मुल्गाच्या लाकडाचा जाळ पेटला. हे लाकूड कठीण आणि जड. त्याचा निखारा रात्र काढतो. त्याच निखाऱ्यात लोखंडी भांडं पुरून डॅम्पर भाजला, म्हणजे कणीक, पाणी आणि मीठ. वर राख झटकून तो मोडला तेव्हा आतून वाफ आली आणि मला गोवऱ्यांवरच्या रोडग्यांची आठवण झाली. हा गोऱ्या गुराख्यांचा पाव. त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या बायका गवताचं बी पाखडून, दगडावर दळून, राखेत भाकरी भाजत आल्या आहेत.

शेकोटीपाशी मी एक शब्द शिकले. इथल्या लोकांना आनंगू म्हणतात. पिट्जंटजारा आणि यांकुनिटजारा या त्यांच्या भाषा. त्यांच्या भाषेत घर, मुक्कामाची जागा आणि आपला मुलूख या सगळ्यांना मिळून एकच शब्द आहे, ङुरा. आपण शाळेत क, ख, ग, घ, ङ घोकतो. पण ङ पासून सुरू होणारा एकही शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात नाही, त्यामुळे ते अक्षर आपल्याकडे मुळाक्षरांत नुसतं बसून असतं. इथं त्या अक्षरानं घर सुरू होतं. मी दोनदा-तीनदा म्हणून पाहिलं. जीभ अडखळली, पण अक्षर ओळखीचं होतं. जिथं शेकोटी पेटली, जिथं आपली माणसं झोपली, ती जागा ङुरा. भिंती असोत-नसोत.

पहाटे चारच्या सुमाराला थंडीनं जाग आली. कॅनव्हासवर दव गोठायला आलं होतं. डोळे उघडले आणि समोर ईशान्येला कृत्तिकांचा पुंजका दिसला. त्याच्या खालच्या अंगाला रोहिणी, मग मृग, आणि क्षितिजापासून जरासा वर आलेला व्याध. सगळं आपलंच, पण आपण पाहतो त्याच्या उलटं मांडलेलं. आदल्या रात्री आम्हाला सांगितलं होतं की आनंगूंसाठी या कृत्तिका म्हणजे सात बहिणी, आणि मृग म्हणजे त्यांचा पाठलाग करणारा न्यिरू नावाचा पुरुष. बहिणी पळतात, तो मागे येतो. पृथ्वीवर ज्या ज्या जागी त्या थांबल्या तिथं पाणी आहे, गुहा आहे, खूण आहे. मी पडल्यापडल्या आपली गोष्ट आठवली. मृगाचं रूप घेऊन प्रजापती स्वतःच्या लेकीच्या, रोहिणीच्या मागे लागला आणि व्याधानं बाण मारला; मृगातले ते तीन ओळीतले तारे म्हणजे तो बाण. दोन भूमी, मधे अख्खा हिंदी महासागर, आणि तेच तारे पाहून दोन्हीकडच्या माणसांना नकोशा पुरुषापासून पळणारी बाईच दिसली. आकाशाकडे पाहूनही माणसानं ही दुखरी गोष्टच सांगितली आणि पुढच्या पिढीला सावध केलं. थंडी विसरून मी बराच वेळ तशीच पडून राहिले.

उजाडताना उलुरूच्या पायथ्याशी पोचलो. फोटोत दिसतो तो एकसंध लाल डोंगर. जवळून मात्र त्याला सुरकुत्या आहेत, पोकळ्या आहेत, काळ्या ओघळांच्या रेघा आहेत. मैदानापासून उंची ३४८ मीटर. मूळचे आडवे वाळूचे थर भूगर्भातल्या हालचालींनी जवळजवळ उभे झाले; आपल्याला दिसतो तो त्याचा माथा, बाकीचा कितीतरी भाग जमिनीखाली आहे. लाल रंगही वरवरचा. खडकातल्या लोखंडाला हवापाणी लागून चढलेला तो गंज आहे. गुहेच्या छताशी पापुद्रा निघालेल्या जागी मी वाकून पाहिलं, आत खडक राखाडी होता.

तिथं आमच्याबरोबर एक आनंगू आजी आल्या. त्या आपल्या भाषेत बोलत आणि एक तरुण मुलगी ते इंग्रजीत सांगे. ती त्यांना ‘कामी’ म्हणत होती. कामी म्हणजे आजीच. मुटिजुलूच्या पाणवठ्याकडे जाताना आजींनी काठीनं वाळूत रेघ ओढली आणि कुनियाची गोष्ट सुरू केली.

कुनिया ही अजगरीण. ती दुरून, एर्लडंडाच्या बाजूनं आली, म्हणजे आदल्या दिवशी आम्ही ज्या वाटेनं गाडीत बसून आलो त्याच वाटेनं. तिच्या डोक्यावर तिची अंडी होती आणि अंड्यांखाली गवताची चुंबळ. इंग्रजीत त्या मुलीला चार शब्द लागले. आजींनी मात्र दोन्ही हात डोक्याशी नेऊन गोल वळवला आणि मला दुसरं काही सांगायची गरज राहिली नाही. डोक्यावर हंडा घेणाऱ्या प्रत्येक बाईला ती चुंबळ ठाऊक आहे. कुनियानं अंडी खडकाच्या पूर्व टोकाला ठेवली. पुढे तिच्या भाच्यावर लिरू, म्हणजे विषारी सापांच्या योद्ध्यांनी भाले टाकले. ती संतापून आली. तिनं मूठभर वाळू उचलून खाली सोडली, आपल्या रागानं भोवतालच्या जगाला इजा होऊ नये म्हणून. मग हातातल्या वानानं, जमीन उकरायच्या काठीनं, एका लिरूच्या डोक्यावर घाव घातला. पहिला निसटता, दुसरा जिव्हारी. आजींनी काठी वर उचलली. समोरच्या कड्यावर दोन उभ्या भेगा होत्या, एक आखूड, एक लांब.

मी त्या भेगांकडे पाहत राहिले. भूगर्भशास्त्राचं उत्तर मला माहीत होतं आणि ते खरंच आहे. पण त्या वाळूच्या मुठीचं काय करायचं? न्यायाचा राग धरलेली बाई हत्यार उचलण्याआधी जमिनीला सांभाळते, हे त्या कड्यावर लिहिलेलं आहे आणि दर पिढीला तिथं उभं करून वाचून दाखवलेलं आहे. आनंगू याला चुकुर्पा म्हणतात. पुष्कळदा त्याचं भाषांतर ‘स्वप्नकाळ’ असं होतं, पण ते स्वप्न नव्हे. जग कसं घडलं, कोणी कोणाशी कसं वागायचं, पाणी कुठं आहे, कोणतं रान कधी जाळायचं, सगळा कायदा त्यात आला.

पुढे खडकाच्या काही भागांत पाटी होती, इथं फोटो काढू नका. त्या ठिकाणचा खडक म्हणजे धर्मग्रंथ आहे. तो तिथंच, त्या जागीच वाचायचा, आणि ज्याला अधिकार असेल त्यानंच. मी आजींना विचारलं, इथं कोणती गोष्ट आहे? त्यांनी मान हलवली. मुलीनं सांगितलं, ‘ही पुरुषांची जागा आहे. त्या सांगणार नाहीत.’ पश्चिमेला ३६ घुमटांचा कटा जुटा दिसत होता. त्याच्याबद्दलही बाहेरच्यांना फारसं सांगितलं जात नाही.

मला आधी रुखरुख लागली. आपण वाचणारी माणसं. जे आहे ते सगळं कळलंच पाहिजे असं आपल्याला वाटतं, आणि पैसे मोजून इतक्या दूर आल्यावर तर वाटतंच. मग सह्याद्रीतल्या देवराया आठवल्या. तिथल्या वाळल्या काटकीलाही गावकरी हात लावत नाहीत, आणि का लावत नाहीत हे पाहुण्याला समजावत बसत नाहीत. देवराई राहिली ती अशा न सांगण्यामुळे. या खडकाभोवतीचं ज्ञानही तसंच जपलं गेलं आहे.

पाहुण्यांनी मात्र हे फार उशिरा मानलं. १८७३ मध्ये विल्यम गॉस इथं पोचला आणि त्यानं खडकाला हेन्री एअर्स या राजकारण्याचं नाव दिलं. १९५८ मध्ये हा भाग आदिवासींच्या राखीव जमिनीतून काढून पर्यटनासाठी वेगळा केला. मग चढणाऱ्यांसाठी कड्याला लोखंडी साखळी ठोकली, तीही मालांच्या, म्हणजे ससा-वॉलबी पूर्वजांच्या पवित्र वाटेवर. त्या चढणीवर पस्तीसहून अधिक माणसं दगावली. आनंगू चढणाऱ्यांना मिंगा म्हणत, म्हणजे मुंग्या. कोणी पडलं की त्यांना दुःख व्हायचं, कारण त्यांच्या कायद्यानं आपल्या ङुरामध्ये आलेल्या माणसाची जबाबदारी त्यांच्यावर असते. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी जमिनीची मालकी त्यांना परत मिळाली. त्यांनी ती ९९ वर्षांच्या करारानं उद्यानासाठी दिली आणि पाहुण्यांना येऊ दिलं. चढू नका, अशी विनंती तेवढी केली. चढण कायमची बंद झाली ती २६ ऑक्टोबर २०१९ रोजी, बरोबर ३४ वर्षांनी. ज्यांची मुलं सरकारनं घरातून उचलून नेली, ज्या अन्यायाची माफी देशाच्या पंतप्रधानांनी २००८ मध्ये संसदेत मागितली, त्या लोकांनी चौतीस वर्षं विनंतीचाच शब्द वापरला. हे मोठेपण त्या खडकाएवढंच उंच आहे.

साखळी आता काढली आहे. तिच्या जागी कड्यावर फिकट पट्टा उरलाय, लाखो बुटांनी झिजवलेला. उद्यानाच्या कार्यालयात जगभरातून टपालानं दगड येतात. कोणी खिशात घालून नेलेले, मग मनाला लागून परत पाठवलेले, बरोबर क्षमेची चिठ्ठी. हे ऐकलं तेव्हा माझ्या स्वेटरच्या खिशात तळाजवळ उचललेला सुपारीएवढा लाल खडा होता. संध्याकाळी तळावर परतल्यावर मी तो जिथून घेतला होता त्या झुडपापाशी ठेवला.

आपल्या माणसाला मोठ्या गोष्टीपुढं काय करायचं ते कोणी शिकवावं लागत नाही. अरुणाचलाला, ब्रह्मगिरीला, नर्मदेला आपण फेरी घालतो. मोठ्याला उजव्या हाताला ठेवून चालतो आणि चालताना आपण लहान होतो. उलुरूलाही तसंच पाहावं. वर चढून सपाट क्षितिज दिसायचं. पायथ्यानं चालताना गुहा दिसतात, पाणवठा दिसतो, बायकांनी बी दळलेली जागा दिसते, आणि दोन भेगांमधली ती मावशी भेटते.

तुम्ही कधी गेलात तर ही पायथ्याची वाट चाला. ती १०.६ किलोमीटरची आहे. उन्हाच्या आधी निघा, पाणी भरपूर घ्या. जिथं कॅमेरा खाली ठेवा असं लिहिलंय तिथं तो खाली ठेवा, जे सांगत नाहीत ते विचारू नका, आणि परत निघताना खिसे तपासा.