अनेक कंठ, एक नाद

वैतरणा नदी जेथे सागराला मिळते, तेथे अर्नाळा हे गाव वसलेले आहे. समोरच्या बेटावर जुना जलदुर्ग उभा आहे. १७३७ साली तो मराठ्यांच्या ताब्यात आला. किनाऱ्यावर जड होडी ओढावयाची असली, म्हणजे एकजण हाक देतो आणि बाकीचे एका दमात त्याला साथ देतात. ताल चुकला, तर होडी तसूभरही हलत नाही; ताल साधला, की ती वाळूवरून सरसर वर येते. त्यात कोणाचा जोर किती होता, हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही.

वृंदगानाचेही असेच आहे. अर्नाळ्याच्या दक्षिणेस असलेल्या मुंबई शहरात १९५६ साली व्हिक्टर परंजोती यांनी एक गायकवृंद स्थापन केला. त्यांच्या पश्चात कुमी वाडिया यांनी त्याची धुरा वाहिली. शाळेतील प्रार्थनेत सारी मुले एकच चाल म्हणतात. या पाश्चात्त्य पद्धतीच्या वृंदगानात तसे नसते. स्त्रियांचे दोन आणि पुरुषांचे दोन असे चार स्वरगट प्रायः असतात. प्रत्येक गटाची चाल निराळी, तरी सर्वांचा मिळून एकच मधुर नाद उमटतो. दीर्घ स्वर लावताना एकजण श्वास घेतो, तेव्हा शेजारचा तो स्वर धरून ठेवतो. म्हणून स्वर कोठेही तुटत नाही.

जाणकार टीकाकार हे सारे बारकाईने ऐकतो. शब्द स्पष्ट उमटले काय? वाद्यांच्या कल्लोळात कंठ बुडाले तर नाहीत ना? हळुवार स्वरही भरीव राहिला काय? एखादा गळा कितीही गोड असो, तो इतरांहून वेगळा ऐकू आला, तर तो दोषच ठरतो. म्हणून तो स्तुती करतो, ती साऱ्या वृंदाची. ज्याने महिनोन्महिने सराव केला, त्या गायकाचे नाव तीत बहुधा नसते. मग त्याला काय मिळाले?

याचे उत्तर एका जुन्या प्रसंगात सापडते. ७ मे १८२४ रोजी व्हिएन्ना शहरात बेथोव्हेनची नववी सिंफनी प्रथम सादर झाली. सिंफनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी रचलेली दीर्घ संगीतकृती. तिच्या अखेरच्या भागात बेथोव्हेनने वाद्यांच्या जोडीला गायकवृंद आणला. त्या वेळी तो बहिरा झालेला होता. टाळ्यांचा गजर चालला होता आणि त्याला त्याची वार्ताही नव्हती. त्याची पाठ श्रोत्यांकडे होती. तेव्हा कारोलिना उंगर या गायिकेने त्याला हळूच श्रोत्यांकडे वळविले, असे सांगतात. कानांना न ऐकू आलेली स्तुती त्याने डोळ्यांनी पाहिली.

त्या टाळ्यांत तिचाही वाटा होता. पण तिला प्रथम आठवला तो आपला सोबती. वृंदात गाणाऱ्याला हेच मिळते. दुसऱ्याचा स्वर ऐकण्याची त्याला सवय लागते, आणि सर्वांचे यश त्याला आपलेच वाटू लागते.

अर्नाळ्याच्या वाळूवर होडी सुखरूप आली, म्हणजे ती कोणी ओढली, असे कोणी विचारीत नाही. ती सर्वांनी ओढलेली असते.