पाने पिवळी पडू द्या



आपल्या इंदूरच्या थंडीत शाळेच्या दारापुढील वाफ्यात ग्लॅडिओलस फुलतो, तेव्हा कौतुक करणारे पुष्कळ असतात. स्नेहसंमेलनाची छायाचित्रेही तेथेच निघतात. मार्च उजाडला की दांडे वाळतात, पाने टोकांकडून पिवळी पडू लागतात आणि निकालाला आलेले पालक विचारतात, "हा वाफा साफ का करून घेत नाही?" यंदा विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही हा प्रश्न निघाला. उत्तर सर्वांनाच कळावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

लॅटिनमध्ये 'ग्लॅडियस' म्हणजे तलवार. पानांच्या आकारावरून या झाडाला नाव मिळाले. त्याच्या बहुतेक जाती मूळच्या दक्षिण आफ्रिकेतल्या. आपल्याकडे ऑक्टोबरात कंद लावले की जानेवारी-फेब्रुवारीत फुले येतात. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथे वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात कांद्यासारख्या पापुद्र्यांच्या कंदाला 'शल्ककंद' आणि ग्लॅडिओलसच्या भरीव कंदाला 'घनकंद' म्हणत. नावे निराळी, पण काम एकच. पुढच्या हंगामाची शिदोरी बांधून ठेवायची.

ही शिदोरी केव्हा बांधली जाते, ते लक्षात घेण्यासारखे आहे. आपण लावलेला कंद झाड वाढवता वाढवता स्वतः सुकून जातो. त्याच्याच डोक्यावर नवा कंद धरतो आणि भोवती बारीक पिल्ले लागतात. फूल ओसरल्यावरचे सहा ते आठ आठवडे पाने अन्न तयार करून खाली पाठवत राहतात. तेव्हाच ती छाटली, तर नवा कंद किरकोळ राहतो आणि पुढच्या वर्षी फूल येईलच असे नाही. म्हणून स्वागताच्या गुच्छासाठी दांडा कापतानासुद्धा आम्ही खालची चार पाने राखायला सांगतो. पाने पिवळी पडू लागली की पाणी कमी करत बंद करतो. तेव्हा उन्हाळ्यात पाणी वाया जाते, ही शंका नको.

बहुतेक पाने पिवळी झाली की माळीकाका बाजूने कुदळ घालून माती सैल करतात आणि आठवीची मुले कंद अलगद उचलतात. पाने कापून कंद सावलीत, वारा खेळेल अशा ठिकाणी दोन-तीन आठवडे पसरतो. खालचा जुना, सुकलेला कंद हाताने सहज सुटला की वाळवण झाली असे समजावे. मऊ पडलेले, डागाळलेले किंवा कुदळ लागलेले कंद बाजूला काढायचे. एक सडका कंद सगळी पिशवी नासवतो. बुरशीनाशक लावण्याचे काम मोठ्यांचे, मुलांच्या हाती ते आम्ही देत नाही.

साठवणीला चार-पाच अंश सेल्सिअसचे शीतगृह उत्तम. एका पालकांनी त्यांच्या बटाट्यांच्या शीतगृहात आपल्या दोन पेट्यांना जागा दिली आहे. बाकीचे कंद मुलांबरोबर घरी जातात. माळव्यातल्या घरी लसणाच्या जुड्या ज्या कोपऱ्यात टांगतात, तोच कोपरा कंदांना मानवतो. जाळीची पिशवी घ्यावी, प्लास्टिकची नको. पावसाळ्यात ओल धरते, तेव्हा दर पंधरवड्याला पिशवी उघडून बघावी.

हे लिहिताना आणखी एक विषय मनात येतो. आठवीनंतर मराठी सोडू द्यावी, असे अर्ज दरवर्षी येतात. "पुढे उपयोग काय?" हा पालकांचा प्रश्न खोटा नाही. आमचे स्वतःचे शाळा-कॉलेज हिंदीत झाले. मराठी मिळाली ती आजीच्या कहाण्यांतून, नागपूरच्या मावशीच्या पत्रांतून आणि गणेशोत्सवातल्या नाटकांतून. पुढे कित्येक वर्षे त्या मराठीला घराबाहेर काही काम नव्हते. तरी घरच्यांनी ती अडगळ म्हणून टाकली नाही. जेवताना, भांडताना, पत्र लिहिताना ती वापरात ठेवली. या शाळेत आलो आणि तीच रोजच्या कामाची झाली. म्हणून आम्ही अर्ज नाकारत नाही, पण सही करण्यापूर्वी आईवडिलांना एकदा भेटायला बोलावतो. विषय सुटला तरी घरातले बोलणे सोडू नका, एवढेच सांगतो.

गेल्या वर्षी घरी दिलेले सगळे कंद परतले नाहीत. काही कुजले, काही उंदरांनी नेले. सातवीतला एक विद्यार्थी वडिलांच्या बदलीमुळे जूनमध्ये भोपाळला गेला. त्याचे पाचही कंद दसऱ्यानंतर त्याच्या काकांनी आणून दिले. पिशवीवर त्याच्या अक्षरात तपासणीच्या तारखा होत्या, शेवटची १५ सप्टेंबरची. यंदाच्या पहिल्या ओळीत ते पाचही फुलले.

या वर्षीही इच्छुक मुलांना प्रत्येकी पाच कंद मिळतील. पिशवीवर नाव, इयत्ता आणि तारखा घालाव्यात आणि दसऱ्याच्या सुट्टीनंतर कंद शाळेत आणावेत. पालकांनी आठवण करावी, पण पिशवी मुलालाच उघडू द्यावी. वाफा मात्र १५ एप्रिलपर्यंत पिवळाच दिसेल. तेवढी सवलत विश्वस्त मंडळाने द्यावी, ही विनंती.