चाकं आभाळात

शहाडच्या माणसाला अंग आवरून घेणं शिकवावं लागत नाही. कसाऱ्याहून येणारी सकाळची लोकल फलाटाला लागते तेव्हा टिटवाळा-आंबिवलीनेच ती तुडुंब भरलेली असते. कोपर छातीशी, पिशवी डोक्यावर, श्वास अर्धा, अशी आपली आपणच घडी घालायची आणि दोन पाठींमधल्या फटीत सरकायचं. म्हणून घडीची सायकल पहिल्यांदा मिटताना पाहिली तेव्हा ती थेट आपल्याच गावची वाटली. मधली बिजागरी सुटली, हँडल मान टाकून खाली आलं, सीट खोल बुडाली, पुढचं चाक मागच्याला बिलगलं.

अंग चोरलं. झालं.

मालडब्यात कोथिंबिरीच्या जुड्या आणि दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये बसून ती घाटकोपरला उतरली, तिथून मेट्रो, मग विमानतळ. तिथे लांबी, रुंदी, उंची मिळून 158 सेंटिमीटर, हे बहुतेक विमान कंपन्यांचं माप. त्यात ती बसली. तरी काउंटरवर फर्मान सुटलं: हवा सोडा. खरं तर सामानाच्या पोटातही प्रवाशांइतकाच दाब राखलेला असतो, टायर फुटत नाही. पण फर्मानाशी कोण वाद घालणार! व्हॉल्व्हवर नख टेकलं आणि लांबलचक उसासा निघाला. मोहन्याकडून येणारा उल्हास नदीचा शेवाळी गारवा, बिर्ला मंदिराच्या आवारातली पहाट, मुरबाड रस्त्याची धूळ, सगळं त्या चकचकीत फरशीवर सांडून गेलं. कुणाला वासही आला नाही.

वर गेल्यावर ढग पांढरे शुभ्र होत गेले आणि मन मात्र खालच्या अंधाऱ्या कप्प्यात शिरलं. राइट बंधू मुळात डेटनचे सायकलवाले. पंखाचा आकार पारखायला त्यांनी सायकलच्या हँडलपुढे तिसरं चाक आडवं बसवलं, त्यावर पंखाचे नमुने लावले आणि वारा हवा म्हणून रस्त्यावर जीव खाऊन पॅडल मारलं. 17 डिसेंबर 1903 ला किटी हॉकच्या वाळूवरून जे उडालं, त्याचे पंखेही साखळी आणि दातेरी चक्रांनीच फिरत होते. पहिली झेप 12 सेकंदांची, सुमारे 36 मीटरची. आपल्या लोकलचे दोन डबे त्याहून लांब भरतील. म्हणजे खाली हातपाय पोटाशी घेऊन निजली होती ती नातीकडे प्रथमच राहायला निघालेली आजी.

गोव्यात दाबोळीला बाहेर येऊन तिला उलगडली. पंपाचा दट्ट्या खालीवर होऊ लागला आणि खारट, ओलसर, मासळीचा हलका वास असलेली हवा चाकांत चढत गेली, रबर हळूहळू ताठ होत गेलं. टॅक्सीला टेकलेला एकजण केव्हाचा पाहत होता.

“मुंबईहून हिच्यावरच आलात?”

मी खुशाल हो म्हटलं आणि झुआरीकडच्या उताराला लागलो.