रकान्यात नसलेली जागा

आम्ही नवरा-बायको. एकाचं घर परभणीचं, एकीचं माहेर निजामाबादचं. आज आमच्या दोन गावांमध्ये राज्याची सीमा आहे. आमच्या आजोबांच्या वेळी ती नव्हती. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत हे दोन्ही जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते. निजामाबादहून निघालेली गाडी आजही बासर, धर्माबाद, नांदेड, पूर्णा करत परभणीला येते. त्यामुळे 2019 च्या हिवाळ्यात आमचा निकाह झाला, तेव्हा मुलगी परक्या मुलखात दिली असं कुणालाच वाटलं नाही. परका मुलूख म्हणजे काय, हे आम्हाला नोकरी शोधायला निघाल्यावर कळलं.

आमच्यातल्या एकीचं शिक्षण मानसशास्त्रात एम. ए. वर समुपदेशनाची पदविका आणि निजामाबादच्या एका खासगी शाळेत तीन वर्षांचा अनुभव. काम शाळेतल्या मुलांचं ऐकून घेण्याचं. कोण वर्गात गप्प झालंय, कोण रोज भांडतंय, कुणाला परीक्षेच्या आदल्या रात्री झोप येत नाही, कुणाचं शिक्षण घरचे बंद करू पाहतायत, अशी सगळी प्रकरणं तिच्याकडे यायची. परभणीत ही पदवी दाखवली की पहिला प्रश्न यायचा, "म्हणजे तुम्ही नक्की शिकवता काय?" मोहल्ल्यात तर एका खालांनी सरळ विचारलं, "पागलों की डॉक्टर है क्या दुल्हन?"

आम्ही मोटारसायकलवर फिरलो. परभणी शहर, मग मानवत, सेलू, जिंतूर, गंगाखेड. अर्ज एकीचा, पेट्रोल दुसऱ्याच्या पगारातलं. कागदपत्रांची फाईल वाढत गेली. निकाहनामा, नाव बदलल्याचं राजपत्र, रहिवासाचा पुरावा. आंध्र प्रदेशात 2007 साली काही मुस्लिम जमातींना मागासवर्गात चार टक्के आरक्षण मिळालं होतं. तो बी.सी.-ई. दाखला पुढे तेलंगणातही चालला, महाराष्ट्रात मात्र तो नुसता कागद. सीमा ओलांडताना माणूस सोबत येतो, त्याचा प्रवर्ग मागेच राहतो.

पण खरी अडचण दाखल्याची नव्हतीच. एका अनुदानित शाळेच्या मुख्याध्यापकांनी आम्हाला चहा पाजला आणि संचमान्यतेचा तक्ता समोर ठेवला. मुख्याध्यापक, शिक्षक, लिपिक, शिपाई. "मॅडम, यात तुमचं नाव कुठे लिहू, तेवढं सांगा." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरावर मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. समुपदेशक त्यात नाही.

शेवटी एका खासगी संस्थेनं जून 2020 पासून येण्याबद्दल तोंडी होकार दिला. मार्चमध्ये टाळेबंदी आली. 4 मे 2020 रोजी राज्याच्या वित्त विभागाचा निर्णय निघाला. विभागांना वर्षाच्या तरतुदीच्या 33 टक्केच निधी मिळणार होता आणि आरोग्य, वैद्यकीय शिक्षणासारखे अपवाद सोडता नवी पदभरती बंद झाली. सरकारी रस्ता बंद झाला, तसा खासगीही झाला. पालकांची फी थांबलेली, शिक्षकांचे पगार अर्ध्यावर आलेले. संस्थेचा निरोप आला, "पहले टीचरां को तो बचाने दो." त्या निरोपाचा आम्हाला राग आला नाही. घरात पीठ कमी असलं की पहिली भाकरी कमावत्या माणसाच्या ताटात पडते, हे आपण सगळेच जाणतो. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. कपात झाली की शिक्षकांची संघटना ओरडते, कारण त्यांचं पद कागदावर असतं. जे पद कागदावरच नाही, ते कापलं गेलं म्हणून तक्रार तरी कुठे करायची?

आणि गरज तर त्याच दिवसांत वाढत होती. शाळा पुन्हा उघडल्यावर एका उर्दू शाळेनं आठवड्यातून दोन दुपारी यायला सांगितलं. मानधन महिना तीन हजार. हिशेबात ते 'किरकोळ'मध्ये पडायचं. बसायला प्रयोगशाळेची मागची खोली.

तिथे नववीतली एक मुलगी आली. दर सोमवारी तिचं पोट दुखायचं. दवाखाने झाले, तपासण्या झाल्या, एक ताबीजही झाला. मराठीत विचारलं तर ती मान खाली घालायची. आमच्या दखनीत विचारलं, तेव्हा म्हणाली, "जी घबराता आपा." सोमवारी वर्गात पाळीपाळीनं उभं राहून मोठ्यानं वाचायचं असे. शाळा बंद असताना घरात एकच फोन होता, तो भावाकडे. तिचं वाचन सुटलं होतं. नववीत बसून चौथीचं पुस्तक अडखळत वाचणं तिला मरणाहून कठीण वाटत होतं. घरचे म्हणत होते, पोरीला शाळा सोसत नाही, बसवा घरी. शिक्षकांशी बोलून दोन महिने तिचं वर्गातलं वाचन थांबवलं आणि मागच्या खोलीत रोज एक पान वाचून घेतलं. दुखणं थांबलं. ती दहावी झाली. औषध एवढंच होतं, पण ते द्यायला तिथे कुणीतरी बसलेलं असावं लागतं, आणि त्याला मुलीची भाषा यावी लागते.

मराठवाड्याला समुपदेशन अनोळखी नाही. 2015 च्या दुष्काळात शेतकऱ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी राज्यानं चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात आपला परभणी जिल्हाही होता. बापाचं मन कोसळतं हे आपण मान्य केलं. त्याच घरात अभ्यासाला बसलेल्या मुलाचं काय? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळासमूहांसाठी समुपदेशकांचा उल्लेख आला. विशाखापट्टणमला 'नीट'ची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेनं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमावा.

हा निकाल वाचून आमच्या घरात आनंद झाला, हे खरं. पण फाईल घेऊन पाच तालुके फिरलेल्या माणसाचा आनंद जरा सावध असतो. नेमा म्हटलं, पगार कुठल्या लेखाशीर्षातून, हे ठरायला हवं. नाहीतर एखाद्या शिक्षकालाच दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊन त्याच्या नावापुढे 'समुपदेशक' लिहिलं जाईल आणि रकाना भरल्याचं समाधान मिळेल. जनगणना, निवडणूक, पोषण आहार सांभाळणाऱ्या त्या बिचाऱ्याकडे सोमवारच्या पोटदुखीसाठी वेळ कुठून येणार?

सरकारकडे मागणी करायचीच, ती आम्ही करतो. पण आपल्या समाजाच्या शाळा चालवणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही एक विनंती आहे. दरवर्षी संस्थेची बैठक होते, इमारतीचा रंग, कंपाउंडची भिंत, स्नेहसंमेलन यांचे खर्च मंजूर होतात. त्या कागदावर एक ओळ वाढवा, मुलांचं ऐकणाऱ्या माणसाचं मानधन. रक्कम सुरुवातीला थोडी असली तरी चालेल, पण ती 'किरकोळ'मध्ये नको. तिला तिचं नाव द्या. नाव असलेला खर्च पुढच्या तंगीत कुणी सहज खोडत नाही. खोडलाच, तर निदान बैठकीत कुणीतरी विचारेल, का खोडला?