हिरवा दिवा लागलाय

सांवेर रोडवर किंवा पीथमपूरला वर्कशॉप असलेल्या माणसाच्या मोबाइलवर आता कॅमेऱ्यांचे सहा-आठ चौकोन असतातच. एका चौकोनात गेट, एकात कच्चा माल, बाकीच्यांत मशिनी. घर राजेंद्रनगरला, मशिनी धार जिल्ह्यात. मध्ये राऊचा ट्रॅफिक. रात्री जेवताना एक डोळा त्या चौकोनांवर. मशीनवरचा दिवा पिवळा झाला की लगेच फोन: "भिया, क्या हुआ?" पलीकडचा ऑपरेटर तोवर इन्सर्ट, म्हणजे टूलचा कापणारा तुकडा, बदलायला वाकलेला असतो. तो आधी हात पुसतो, मग फोन उचलतो, मग सांगतो, "इन्सर्ट बदल रहा था." फोन आला नसता तर एव्हाना बदलून झाला असता.

*

कॅमेरा लावण्याचे खरे कारण बहुधा पैशाचे असते. नवीन सीएनसीच्या कंट्रोलरला नेटवर्कची केबल जोडली की मशीन चालू आहे की बंद, कोणता प्रोग्राम, कोणता अलार्म, हे सगळे थेट कॉम्प्युटरवर येते. पण छोट्या शॉपमधली निम्मीअधिक मशिनी लिलावात किंवा दलालाकडून घेतलेली, जुनी. त्यांना ते तोंडच नाही. मग मशीनवरच्या तीनरंगी टॉवर लाइटकडे रोखलेला एक स्वस्त कॅमेरा. हिरवा म्हणजे सायकल चालू, पिवळा म्हणजे जॉब संपला किंवा थांबलाय, लाल म्हणजे अलार्म. मला हा जुगाड आवडतो. मशीनच्या पोटात हात न घालता तिची खबर घेतो.

*

रात्री कॅमेरा इन्फ्रारेडवर जातो आणि चित्र काळे-पांढरे होते. लाल, पिवळा, हिरवा, तिन्ही पांढरे. ज्यांनी टॉवर लाइट नीट उभा बसवला आहे त्यांना वरचा पेटलाय की खालचा, एवढे तरी कळते: लाल वर, हिरवा खाली. ज्यांनी तो छताला उलटा टांगला आहे त्यांनी रात्री अलार्मला उत्पादन समजावे.

*

चकाची, म्हणजे लेथवर जॉब धरून फिरणाऱ्या पकडीची, गोष्ट जरा सविस्तर लिहून ठेवतो, कारण ती धोक्याची आहे.

आपल्याकडचा साधा कॅमेरा सेकंदाला 25 चित्रे घेतो. लेथचा स्पिंडल 1500 आरपीएमला फिरत असेल तर तो सेकंदाला बरोबर 25 फेरे घेतो. म्हणजे दर चित्राला चक जिथे होता तिथेच. पडद्यावर चक थांबलेला दिसतो. याहून वाईट म्हणजे तीन जॉचा चक. त्याचे तिन्ही जॉ सारखेच, तेव्हा पूर्ण फेरा व्हायचीही गरज नाही, एक तृतीयांश पुरतो. म्हणजे 500 आरपीएमलाही चक थांबलेलाच. थोडा कमी वेग असेल तर तो सावकाश उलटा फिरताना दिसेल. शॉपमध्ये उजेड कमी असला तर चित्र फरफटते आणि निदान संशय येतो. पण जितका लख्ख उजेड तितके शटर झटपट मिटते, चित्र तितके स्वच्छ आणि भ्रम तितका पक्का.

जुन्या लोकांना हा भ्रम कॅमेऱ्याशिवायही ठाऊक होता. चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. तिच्या उजेडात फिरता चक थबकल्यासारखा दिसू शकतो. म्हणून जाणते वायरमन एका मशीनवरच्या ट्यूबा वेगवेगळ्या फेजवर टाकत, एक मंद असताना दुसरी तेजीत राहावी म्हणून. एलईडी आल्यावर ही काळजी पुष्कळशी सुटली, आणि त्याच सुमारास आपण भिंतीवर सेकंदाला 25 वेळा पापणी लवणारा डोळा बसवला. घरी बसून "थांबलंय, घाल हात" असे फोनवर कोणी कधीही सांगू नये. सन 1948च्या कारखाने अधिनियमात फिरत्या यंत्राला आवरण घालावे आणि चालू यंत्राजवळ प्रशिक्षित माणसानेच जावे, असे लिहिले होते. फोनवरून पाहणाऱ्याचा त्यात उल्लेख नव्हता, पण कायदा लिहिणाऱ्यांना तो सुचणार तरी कसा होता?

*

हे 25 कुठून आले? आपली वीज 50 हर्ट्झची, टीव्हीचे चित्र तिच्या निम्म्या वेगाचे. भारतात 1982 साली रंगीत टीव्ही आला तो पाल पद्धतीचा. ही पद्धत बसवली वॉल्टर ब्रुख या जर्मन इंजिनिअरने. आणि याच ब्रुखने 1942 साली जर्मनीतल्या पीनेम्युंडला व्ही-2 रॉकेटच्या चाचण्या लांबून पाहता याव्यात म्हणून बंदिस्त टीव्हीची यंत्रणा उभारली होती. रॉकेट जागच्या जागी फुटायचे, जवळ उभे राहणे शक्य नव्हते. थोडक्यात, सीसीटीव्हीचा जन्म चोर पकडण्यासाठी झाला नाही, यंत्र पाहण्यासाठी झाला. पुढे तीच रॉकेटे डोंगराखालच्या बोगद्यांत कैद्यांकडून बांधून घेतली गेली. यंत्राला कॅमेरा आणि माणसाला चाबूक अशी वाटणी होती.

*

इंटरनेटवरचा पहिला नावाजलेला कॅमेराही यंत्रावरच रोखलेला होता. केंब्रिजच्या कॉम्प्युटर विभागात कॉफीचे भांडे भरले आहे की रिकामे, हे जागेवरून कळावे म्हणून 1991 साली तो लावला. सन 1993 मध्ये ते चित्र जगभर दिसू लागले आणि 2001 साली कॅमेरा बंद झाला. इतका निरुपद्रवी कॅमेरा पुन्हा कोणी लावल्याचे ऐकिवात नाही.

*

आपल्या इंदूरमध्ये यंत्राकडे लांबूनच पाहावे लागते अशी जागा म्हणजे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र. सन 1984 मध्ये पायाभरणी झाली. 2005 साली रामण्णांचे नाव लागेपर्यंत सगळे त्याला कॅट म्हणत, आणि जुने लोक अजून म्हणतात. तिथल्या इंडस-2 या सिंक्रोट्रॉनचा घेर 172.5 मीटर. आधी मायक्रोट्रॉन, मग बूस्टर, मग मोठे कडे, असे टप्प्याटप्प्याने इलेक्ट्रॉन 2.5 जीईव्हीपर्यंत चढवतात. त्या वेळी भिंतीच्या आत कोणी नसते, असूच शकत नाही. झोताच्या वाटेत चमकणारा पडदा सरकवायचा, कॅमेऱ्याने त्यावरचा ठिपका टिपायचा आणि कंट्रोल रूममध्ये बसून झोत मध्यावर आहे का ते पाहायचे, ही प्रवेगकांची जुनी रीत. किरणोत्सर्गाने कॅमेऱ्याचाही डोळा बिघडतो, म्हणून तो शक्यतो बाजूला, आरशाच्या आडून ठेवतात.

तिथे एक गोष्ट सरळ आहे. कॅमेऱ्यापुढे माणूस नसतोच, त्यामुळे कोणाचा अपमान होत नाही.

*

उस्ताद लोक मशीन कानाने चालवतात. टूल बोथट झाले की आवाज चिरका होतो, जॉब सैल असला की ठोके येतात, बेअरिंग जायला लागले की एक बारीक गुणगुण सुरू होते. पाठमोरा बसून चहा पिणारा म्हातारा ऑपरेटर "तीन नंबर देख" म्हणतो आणि तीन नंबरवर खरेच काहीतरी असते. मोबाइलवरच्या चौकोनांत यातले काही नाही. बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांना माइक असतो, पण आठ मशिनी, कंप्रेसर आणि एक्झॉस्ट यांचा गोंगाट मालक किती वेळ ऐकणार? तो पहिल्याच दिवशी आवाज बंद करतो.

*

हिरवा दिवा फार कमी सांगतो. सायकल चालू आहे, एवढेच. टूल हवेत फिरत असले तरी हिरवा. ऑपरेटरने टूल सरकण्याचा वेग कमी-जास्त करणारे फीड ओव्हरराइडचे बटण 50 टक्क्यांवर आणून ठेवले, तरी हिरवा. तो तसे का करतो, हे विचारले पाहिजे: माल कडक आलाय, स्वस्त इन्सर्ट टिकत नाही, किंवा फोन येऊ नये म्हणून. दिवा पिवळा झाला की फोन येतो, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलेले असते. मग दिवा हिरवा ठेवणे हेच काम होऊन बसते.

चॅप्लिनच्या 1936च्या 'मॉडर्न टाइम्स'मध्ये कारखान्याचा मालक भिंतीएवढ्या पडद्यावर प्रकटतो आणि संडासात सिगारेट ओढायला गेलेल्या चॅप्लिनला कामावर हाकलतो. त्या वेळी टीव्ही बहुतेकांनी पाहिलाही नव्हता.

*

माझे मत: कॅमेरा पॅनलवर आणि दिव्यावर रोखावा, स्टुलावर नाही. स्पिंडल मोटरच्या वायरीवर क्लॅम्प लावून करंट मोजणे तर याहून बरे. टूल बोथट झाले की करंट चढतो, टूल हवेत फिरत असले की पडतो. त्यात कोणाचा चेहरा येत नाही. पण करंटचा आलेख जेवताना बघण्यात मजा नाही, हेही खरे.

*

कूलंटची बारीक वाफ काचेवर साचते. पंधरवड्यात चित्र दुधाळ. हेल्पर तेलकट चिंधीनेच पुसतो, मग ते कायमचे दुधाळ. शिवाय कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांभोवती किडे जमतात, किड्यांसाठी कोळी येतो, जाळे हलते आणि रात्रभर मोबाइलवर "हालचाल आढळली".

*

रात्री एकटी सोडण्याजोगी मशीन म्हणजे तारेने धातू कापणारी वायरकट. तार तुटली की थांबते, जॉब तसाच राहतो, सकाळी तार ओवून पुढे. तिच्यावर कॅमेरा शोभतो. तेलात बुडवून ठिणगीने कोरणारी ईडीएम मात्र वेगळी. टाकीतले तेल खाली गेले आणि ठिणगी पृष्ठभागाजवळ पडली की आग लागते. कॅमेऱ्यात ती छान दिसेल. राऊ ओलांडून पोचेपर्यंत पाहत राहता येईल. तिथे हवा फ्लोट स्विच आणि आपोआप सुटणारा अग्निशामक.

*

ओळखीच्या एका शॉपमध्ये पितळी बुशांची रात्रपाळी झाली. दिवा रात्रभर हिरवा, मालक निवांत झोपला. मध्येच कधीतरी इन्सर्टचे टोक उडाले होते. सकाळी त्यानंतरचा एकही बुश गेजला बसेना. ऑपरेटर नवा, दर दहा जॉबला मोजायचे त्याला कोणी सांगितले नव्हते. आता प्रोग्राममध्ये टूल लाइफचा काउंटर टाकलाय, ठरलेला आकडा झाला की मशीन स्वतःच थांबते. कॅमेरा काढलेला नाही. तो थोडा फिरवून पितळेच्या चिप्सच्या ड्रमवर लावलाय. कबाडी वजन करताना काट्याखाली पायाचा टेकू देतो, हे त्यात पहिल्याच शनिवारी सापडले.